पुढचं येऊ दे

बीडच्या सुभाष रोडवर एखादं पोरगं बापाला ओढत मोबाइलच्या दुकानात येतं आणि पीएस-फाइव्हचा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन या गेमच्या मशीनचा, भाव विचारतं. दुकानदार तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज येतो, "घाई कामून करायलास? पुढचं येऊ दे की!" हे बप्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दुकानदार त्यांना रोज चहा पाजतो आणि रोज एक गिऱ्हाईक गमावतो.

असे बप्पा गेवराईत आहेत, माजलगावात आहेत. अंबाजोगाईत दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

बप्पांचं शास्त्र पक्कं आहे. मशीनचं आयुष्य सात वर्षांचं. पीएस-थ्री २००६ला, फोर २०१३ला, फाइव्ह २०२०ला. आल्या आल्या घ्यायचं नाही, पहिल्या मालात खोट असते. तिसऱ्या वर्षी घ्यायचं नाही, बारीक मॉडेल यायचं असतं. पाचव्या वर्षी घेणारा तर येडाच, पुढची पिढी तोंडावर आलेली. सातव्या वर्षी ती येते, आणि आल्या आल्या तर घ्यायचंच नसतं. मग घ्यायचं कधी, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. बप्पा म्हणाले, "तुला त्यातलं कळत नाही."

थांबलं की स्वस्त होतं, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त. पीएस-फाइव्ह भारतात २०२१च्या फेब्रुवारीत ४९,९९० रुपयांना आला. पुढच्या वर्षाअखेर भाव उतरायचा सोडून ५४,९९० झाला. "आता उतरंल," बप्पा म्हणाले. २०२४ला 'प्रो' निघाला, पण त्याच्या वायफायला लागणारा सहा गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता, म्हणून तो इथे विकायला आलाच नाही. खुद्द सरकार आपल्या बाजूने आहे, याचा बप्पांना झालेला आनंद शब्दांत सांगण्यासारखा नाही.

त्यांना तरी काय बोलणार? माणूस बीडचा. नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली १९९५ साली. पहिलं प्लेस्टेशन अमेरिकेच्या बाजारात उतरलं तेही त्याच साली. बीडहून गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ला. तेवढ्यात तिकडे प्लेस्टेशनच्या पाच पिढ्या झाल्या, आणि इकडे रेल्वेच्या आश्वासनांच्या किती, ते मोजायला कुणी उरलं नाही. अशा गावात वाढलेल्याला सात वर्षांचं काय कौतुक? पुढच्याच महिन्यात सोनीच्या मार्क सर्नींनी एका व्हिडिओत, नवं तंत्र "काही वर्षांत" येणाऱ्या मशीनमध्ये आणायचंय, असं सांगितलं. बप्पांनी तो शाळेत मधल्या सुट्टीत चार जणांना दाखवला. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती.

आता खरी गंमत. बप्पांच्या घरी मशीन आहे. पीएस-टू. २०००ला जन्मलेलं आणि सोळा कोटींच्या घरात खपलेलं ते मशीन कंपनीने बनवायचं थांबवलं, तेव्हा कुठे बप्पांची खात्री पटली की आता याच्यात सुधारणा होणार नाही. मग त्यांनी ते घेतलं, सेकंडहँड. टीव्हीखाली क्रोशाच्या रुमालाखाली ते बसलेलं असतं. लेन्स दोनदा बदललीय. डिस्क घेईना झाली की बप्पा कान कोरायची काडी स्पिरिटात बुडवून श्वास रोखून लेन्स पुसतात, झाकणावर दोन टिचक्या मारतात, आणि मशीन उभं करून चालवतात. आडवं केलं की अडतं. एका रिमोटचं चौकोनाचं बटण गेलंय. तो पाहुण्यांना द्यायचा. बप्पा बोलतात सिक्सवर आणि खेळतात टूवर. मधल्या तिन्ही पिढ्या थांबण्यात गेल्या.

पोरगा पाचवीत होता तेव्हा फोर मागत होता. "पुढचं येऊ दे." बारावीत फाइव्ह मागितला. "आधी सीईटी होऊ दे." आता तो हिंजवडीला आहे. परवा त्याने पहिल्या पगारावर हप्ते बांधून पीएस-फाइव्ह घेतला आणि व्हिडिओ कॉलवर दाखवला. बप्पांनी चष्मा वर सरकवून सगळ्या बाजूंनी बघितला. मागच्या जाळ्या बघितल्या. आवाज किती करतो ते ऐकलं.

"खोकं फेकू नको," ते म्हणाले, "इकताना लागतं. आन् परत करायची मुदत किती दिसांची हाय?"

काकूंनी फोन काढून घेतला.