राव सारांची वास्तू

तंजावरहून उत्तरेस निघालेला प्रवासी वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशी पाच पाणी एकामागून एक ओलांडून बारा-तेरा किलोमीटरांवरील ज्या तिरुवैयारु क्षेत्री पोचतो, तेथे कोणी संगीतासाठी येतो, कोणी कावेरीस्नानासाठी, आणि कोणी, उघडपणे कबूल न करता, मुगाच्या डाळीच्या ‘अशोका’ नामक मिठाईसाठी येतो. आमचे राव सार यांपैकी कोणत्याही वर्गात मोडत नाहीत. सब-रजिस्ट्रारच्या दप्तरात आपले नाव अद्याप शाबूत आहे किंवा कसे, याची वेळोवेळी रुजुवात करून घेण्यासाठी ते येथे वास्तव्य करतात.

तंजावर प्रांतातील मराठी माणसाला त्याचे तमिळ शेजारी सरसकट ‘राव’ म्हणतात आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यास ‘सार’ ही जोड आपोआप मिळते. राव सारांनी उभे आयुष्य भाड्याच्या घरांत काढले. त्या घरांची दारे एका कडीवर आणि परमेश्वराच्या भरवशावर लागत असत, आणि ते दहाच्या ठोक्याला झोपी जात. साठी उलटल्यावर, भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम खर्चून, अग्रहारातील एक लांबोळके, दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले, मध्ये चौक आणि पुढे रस्त्यालगत तिण्णै म्हणजे ओटा असलेले जुने घर त्यांनी विकत घेतले. आणि ज्या दिवशी खरेदीखतावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला, त्या दिवसापासून त्यांच्या निद्रेने जी फारकत घेतली ती आजतागायत.

प्रथम कुलुपे आली. 2019 साली दिंडुक्कलच्या कुलुपांना भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाचनात आल्यापासून राव सारांची त्यांवर सरकारमान्य श्रद्धा बसली होती. त्यांनी आंब्याच्या आकाराचे एक आणि किल्ली फिरवताच घंटा वाजणारे एक, अशी दोन कुलुपे मागवली. दुसऱ्याची घंटा चोराने आजवर एकदाही वाजवलेली नाही. ती रात्री दोन वाजता राव सारच, कुलूप नीट लागले आहे ना हे पाहताना, वाजवतात. उंबऱ्यावर कोहळा टांगला आहे, गच्चीच्या कठड्यावर जीभ काढलेले दृष्टीबाहुले बसवले आहे. चोर आणि दृष्ट यांचा बंदोबस्त असा पूर्ण झाल्यावर त्यांचे चित्त कागदपत्रांकडे वळले, आणि खरा अनर्थ तेथून सुरू झाला.

आपल्याकडचा गृहस्थ सातबारा आणि फेरफार यांच्या दर्शनाने तृप्त होतो. तिकडे मूलपत्रम् म्हणजे मूळ दस्त, पट्टा म्हणजे मालकीची महसुली नोंद, आणि विल्लंगम् ही त्रयी प्रसन्न करावी लागते. विल्लंगम् म्हणजे मिळकतीवर कोणाचा बोजा नाही, असा दाखला. राव सारांनी तो गेल्या तीस वर्षांचा काढला, तो निष्कलंक निघाला, आणि त्यामुळेच त्यांचा संशय बळावला. तीस वर्षे ज्या घरावर कोणी एक पैसाही कर्जाऊ दिला नाही, त्या घरात काहीतरी खोट असलीच पाहिजे, असा त्यांचा न्याय. जागा पोरम्बोक, म्हणजे सरकारी, निघाली तर? देवस्थानची निघाली तर? गावच्या ऐयारप्पर या शिवमंदिराचा कारभार धर्मपुरम् आधीनम् या मठाकडे आहे, आणि कावेरीच्या खोऱ्यात मठ-मंदिरांची जमीन किती पसरली आहे हे सर्वश्रुत आहे. तेव्हापासून राव सार ऐयारप्परापुढे हात जोडतात ते पूर्ण भक्तिभावाने, परंतु संभाव्य प्रतिवादीसमोर उभे राहताना जी सावधगिरी बाळगावी तीही सोडत नाहीत.

त्यांच्या या भयाला हसणे सोपे आहे. पण त्यांना इतिहास पाठ आहे, ही अडचण आहे. 1855 मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजी महाराज पुत्रावाचून वारले, तेव्हा कंपनी सरकारने राज्य तर खालसा केलेच, शिवाय राजवाड्यातल्या खाजगी चीजवस्तूही जप्त केल्या. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात फिर्याद केली आणि तेथे त्या जिंकल्या. परंतु 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निवाडा फिरवला आणि हे राज्यसत्तेचे कृत्य असल्यामुळे त्याच्या न्यायान्यायाची शहानिशा करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाही, असे फर्मावले. पुढे मालमत्ता परत मिळाली, ती मेहेरबानी म्हणून. हक्क म्हणून नव्हे. “ज्यांना तटबंदी होती त्यांची ही गत,” राव सार सांगतात, “आणि माझी तर भिंतसुद्धा अर्धी शेजाऱ्याची!”

संतचरित्राकडेही ते याच दृष्टीने पाहतात. संत-संगीतकार त्यागराजांच्या थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतल्या राममूर्ती कावेरीत फेकल्याची आख्यायिका ऐकताना इतरांचे डोळे पाणावतात. राव सार मात्र, वाटणीपत्र वेळीच झाले असते तर हा प्रसंग टळला असता, असे हळहळून म्हणतात. त्यांचा खरा आदर आहे तो बंगळूरच्या गायिका नागरत्नम्मांविषयी. त्यागराजांच्या समाधीची जागा पडीक होती, ती या बाईने स्वतःच्या कमाईतून सावरली, भोवतालच्या जमिनीची तजवीज केली आणि तेथे मंदिर उभारले. राव सारांच्या मते गायिका पुष्कळ झाल्या, जमिनीची कागदपत्रे पाहणारी एकच.

पौष वद्य पंचमीच्या सुमारास त्यागराजांच्या आराधनेसाठी गावात माणसांचा पूर लोटतो. समाधीपाशी शेकडो कंठ एकसुरात त्यांच्या पंचरत्न कृती गातात, आणि दमलेले रसिक दिसेल त्या ओट्यावर टेकतात. सलग बारा वर्षे परक्याचा प्रतिकूल ताबा चालू दिला तर मालक आपला हक्क गमावून बसतो, ही मुदतीच्या कायद्यातली तरतूद राव सारांना वकिलाने सांगितली, आणि तीच सांगून त्या भल्या माणसाने एका जिवाचे जन्माचे नुकसान केले. ओट्यावर टेकलेल्या मृदंगवाल्यास राव सार पाण्याचा तांब्या देतात आणि सोबत एक चिठ्ठी: ‘आपण येथे मालकाच्या परवानगीने बसला आहात.’ परवानगीच्या बसण्यातून हक्क उत्पन्न होत नाही. त्यांच्या पत्नीने एकदा, “अहो, निदान पाणी तरी बिनशर्त द्या,” असे सुचवले, ते त्यांनी विचारार्थ ठेवले आहे.

अलीकडे मात्र प्रकरण विकोपास गेले. पट्टा तमिळमध्ये तयार होऊन आला, त्यात आद्याक्षर वडिलांचे होते, पण ‘राव’ गळला होता. खरेदीखतात ‘राव’ होता, पण आद्याक्षर निराळे. आपल्या घरावर आपल्याशी साम्य असलेला कोणी दुसराच इसम मालकी सांगत आहे, या कल्पनेने त्यांना ताप भरला. अखेर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्याचे ठरले. साक्षीस सामाईक भिंतीचा शेजारी आला. “यांना ओळखता का?” असे नोटरीने विचारताच तो म्हणाला, “न ओळखून कसे चालेल? रात्री दोन वाजता घंटा वाजते, ती यांचीच.”

एवढ्यावर सर्व सुरळीत पार पडले असते. पण नोटरीने शेवटच्या रकान्यात घराचा संपूर्ण पत्ता लिहावयास सांगितला. राव सारांनी मागे वळून दार लोटले, कागदावर डाव्या हाताचा आडोसा धरला, आणि लेखणी टेकवण्यापूर्वी हलक्या आवाजात विचारले की, हा कागद एकंदर किती लोक वाचणार आहेत?