उलटी उचल

आमच्या बीड जिल्ह्यात घर सोडून जाण्याचं कुणाला कौतुक नाही. दसरा-दिवाळी उरकली की अख्खी गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात आणि ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात जातात. सोबत पत्र्याच्या पेट्या, पीठ, सरपण, कोंबड्या आणि जमलं तर शेळी. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. कोयत्याने मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत कारखान्याच्या आजूबाजूला कोपी करून राहायचं असतं. त्यामुळे मी शिकायला जर्मनीला निघाले ही बातमी धारूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पोचली तेव्हा पारावरून पहिला प्रश्न आला, "उचल किती घेतली?"

मी म्हटलं, एज्युकेशन लोन आहे. पारावर एकमत झालं की तेच ते.

या विषयात घरातली तज्ज्ञ म्हणजे आजी. तिची गुडघ्याची वाटी आणि कंबर दोन्ही ऊसपट्ट्यात कामी आल्या. माझे वडील, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. हंगामात आईबाप तोडीला गेले की मुलांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं, ते अण्णा बघतात. म्हणजे घरात एक जण जाण्याचा जाणकार आणि एक जण मागे राहणाऱ्यांचा. तरीसुद्धा आम्ही पुण्याला जाऊन कन्सल्टंट गाठलाच, कारण शेजारच्या तालुक्यातल्या कुणीतरी गाठला होता.

कन्सल्टंट टाय लावून बसला होता. त्याने गुळगुळीत कागदावरचं एक खासगी कॉलेज दाखवलं. इमारत सगळी काचेची, फी वर्षाला दहा-बारा लाख. मी भीत भीत विचारलं, "सर, तिकडच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फीच नसते म्हणतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला दीड हजार युरो लावले, तेवढं सोडलं तर..." तो कनवाळूपणे हसला. "तिथे फार कॉम्पिटिशन असते, ताई."

रात्री आजीला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "त्याला पैसं कोण द्यायलंय?"

"ते कॉलेज देतं. कमिशन."

"मग त्यो तुझा मुकादम कसा? त्यो तर कारखान्याचा माणूस. आपला मुकादम कसा बी असला तरी गावचा असतोय, दारात जाऊन शिव्या तरी देता येत्यात."

आजी शाळेत गेलेली नाही, हे इथे सांगून ठेवते. पुण्याच्या त्या दुकानातून आम्ही चहा पिऊन परत आलो आणि मी अर्ज स्वतः भरले.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, मराठी माणसाला तो अनुभव जन्मजात असतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर अण्णांचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं. तिघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र. पदवी खरी आहे का हे तपासायला जर्मन लोकांनी दिल्लीत एपीएस नावाचं कार्यालय ठेवलंय. १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याच्या प्रमाणपत्राशिवाय विद्यार्थ्याला व्हिसाच नाही, आणि त्याची फी अठरा हजार. अण्णा म्हणाले, "आपल्या विद्यापीठावर आपला जेवढा विश्वास आहे तेवढाच त्यांचा आहे, त्यात राग कसला?"

बँकेत मात्र गंमत झाली. अण्णांनी ऐटीत सातबारा पुढे केला. साहेबांनी तो दोन बोटांनी परत सरकवला. शेतजमीन तारण म्हणून चालत नाही, घर किंवा प्लॉट आणा. शेवटी बीडच्या काकांचा फ्लॅट तारण गेला आणि काकू त्या दिवसापासून माझ्या मार्कांची चौकशी करू लागली.

खरा गोंधळ झाला तो ब्लॉक्ड अकाउंटवरून. नियम असा : वर्षभर जगायला लागणारे पैसे विद्यार्थ्याने आधीच एका बंद खात्यात भरायचे. मी गेले त्या २०२४ सालच्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा लाखांच्या आसपास. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो सोडले जातात. त्याहून जास्त नाही, पोरगी तापाने फणफणली तरी नाही. मी हे आजीला समजावत होते आणि तिचा चेहरा बदलत चालला होता.

"म्हंजी पैसं आपलं?"

"हो."

"ठिवायचं त्यायच्याकडं?"

"हो."

"अन् त्ये आपल्यालाच महिन्याला मोजून देणार?"

"हो."

"आगं, मुकादम बी आधी पैसं देतोय अन् मग राबवून घेतोय. ह्येनी तर उलटीच उचल केली की!" मग जरा थांबून कौतुकाने म्हणाली, "लई हुशार जात हाय."

प्रवेश मिळाला पॉट्सडाम विद्यापीठात. बर्लिनला खेटून असलेलं गाव, आणि विषय हवामान, पाणी आणि शाश्वतता. अर्जासोबत मोटिव्हेशन लेटर लागतं. नमुन्यातली सगळी पत्रं 'लहानपणापासून मला निसर्गाचं आकर्षण आहे' अशी सुरू होत होती. मला लहानपणी आकर्षण फक्त टँकरचं होतं, कारण टँकर आला की शाळा मधेच सुटायची. मी तेच लिहिलं. अण्णांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "व्याकरण ठीक आहे." आमच्याकडे ही कमाल स्तुती. मग त्यांनी मला सांगितलं की बाबासाहेबसुद्धा जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकायला गेले होते, तेव्हा तू काही मोठी लागून गेली नाहीस.

सामान भरण्याची सूत्रं आजीकडे गेली. विमान कंपनीने तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा मंजूर केल्या होत्या. आजीने पहिला हुकूम काढला की कपडे तिकडे मिळतात, येसर मिळत नाही. मग येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, धपाटे आणि दुधात भिजवलेल्या दशम्या. गावरान तुपाची बरणी तिने जुन्या साडीच्या सात घड्यांत बांधली होती. बाहेरून येणाऱ्याला युरोपात दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही, असं मी सांगितलं तेव्हा तिने बरणी सोडवली, पण दशम्या राहू दिल्या. "दूध जिरलंय त्यात," म्हणाली. त्या मी मुंबईपर्यंत खाऊन संपवल्या, म्हणून कायदा मोडला नाही.

वजनाचा प्रश्न त्याहून नाजूक होता. ऊसतोड्याचा आयुष्यात एकाच वस्तूवर कधी विश्वास बसत नाही, ती म्हणजे काटा. बॅगा आधी किराणा दुकानात मोजल्या, मग धारूरला अडत्याकडे, मग पिठाच्या गिरणीवर. तिन्ही आकडे वेगळे आले. आजीला त्यात काही नवल वाटलं नाही, तिने सगळ्यांत जास्त आकडा धरला आणि त्यातून माझे दोन स्वेटर काढले. मुंबईच्या विमानतळावर बॅग चढवली तर दीड किलो जास्त! काउंटरपलीकडची मुलगी वाट बघत होती आणि इकडे फोन चालू होता.

"म्हणलं न्हवतं, काटा मारत्यात! तिला म्हण, रिकामा काटा दाव आधी, शून्यावर हाय का बघ."

मी तसं काही म्हणाले नाही. जाडं जॅकेट बॅगेतून काढून अंगात घातलं आणि घामाच्या धारांत सिक्युरिटीच्या रांगेत उभी राहिले. येसराला हात लावला नाही.

पॉट्सडामला उतरले शनिवारी रात्री. दुसऱ्या दिवशी किराणा आणायला निघाले तर गावात कर्फ्यू लागल्यासारखं. दंगल झाली की काय म्हणून मी वसतिगृहात परत आले. तिथे खोलीशेजारच्या व्हिएतनामी मुलीने समजावलं की रविवारी इथे दुकानं बंदच असतात. तो रविवार धपाट्यांवर निघाला, दोघींचा. आजीने कपड्यांना कात्री लावली ती का, ते तेव्हा कळलं.

मग नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव घालावं लागतं. त्याला घरमालकाचा दाखला लागतो आणि कार्यालयाची वेळ आधी घ्यावी लागते. वेळ मिळाली ती दोन आठवडे उलटून गेल्यावरची. 'हे कसं?' असं मी विचारलं, तर सगळे जुने विद्यार्थी म्हणाले, चालतं. त्या एका 'चालतं'ने मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं. पत्रपेटीवर नावाची चिठ्ठी लावली नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि तिथे बँकेच्या पिनपासून सगळं पत्रानेच येतं. आमच्या वाडीत पोस्टमन नाव वाचतच नाही, तो मूल पाहून बाप ओळखतो.

वर्गात आणखी एक धक्का बसला. वेळापत्रकात दहा लिहिलंय आणि तास सव्वादहाला सुरू! मला वाटलं प्राध्यापकांची गाडी चुकली. पण नाही, हा तिकडच्या विद्यापीठांचा जुना रिवाज आहे, त्याला 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात. जर्मनांच्या वक्तशीरपणाचे दाखले देत अण्णांनी मला अठरा वर्षं पहाटे उठवलं होतं. त्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. तास संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकं वाजवतात, हेही सांगितलं असतं. पण एका दिवसात किती धक्के द्यायचे?

बाकं वाजवलेली चालतात, पण भाकरी वाजवलेली चालत नाही. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि मला भूक नेमकी तेव्हा लागते. सामायिक स्वयंपाकघरात परात घेऊन मी भाकरी थापली. ज्वारीच्या भाकरीचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. सकाळी दारावर चिठ्ठी : प्रिय शेजारीण, रात्री फर्निचर दुरुस्त करू नये ही विनंती. खाली फुलाचं चित्र. मी त्याच संध्याकाळी चिठ्ठीवाल्याला येसराच्या आमटीसोबत ते फर्निचर खायला घातलं. आता तो साडेआठलाच विचारायला येतो, की आज दुरुस्ती आहे का.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिल्याच महिन्यात प्राध्यापकबाईंनी सांगितलं, ब्रांडेनबुर्ग हा जर्मनीतला कोरडा प्रदेश आहे. मी खिडकीबाहेर पाहिलं. पॉट्सडामला चहूबाजूंनी हाफेल नदी आणि तळी. आमच्याकडे एवढं पाणी फक्त माजलगाव धरणात दिसतं, तेही भरलं तर. पण आकडे पाहिले आणि वरमले : पॉट्सडामला वर्षाला पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. बीडलाही जवळपास तेवढाच! फरक इतकाच की तिकडचा पाऊस बारा महिने थोडा थोडा येतो आणि थंडीमुळे जमिनीत टिकतो. आमचा चार महिन्यांत येतो, त्यातही चार दिवसांत कोसळतो, आणि उरलेलं ऊन पिऊन टाकतं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अन् ऊस?" तिकडे ऊस नाही म्हटल्यावर तिने विषय मिटवला. "मग पाणी ऱ्हातंय त्यात काय नवल!" माझ्या पहिल्या सेमिनारचा निष्कर्ष वीस पानांनंतर साधारण याच गावाला पोचला होता.

मी गेल्यावर वर्षभरातच, १७ सप्टेंबर २०२५ ला, बीडला अहिल्यानगरहून रेल्वे आली. माझ्या जन्माआधीपासून येणार होती. आजीचं म्हणणं, मी जायचीच वाट बघत होती.

त्याआधीच्या मे महिन्यात आमच्या वर्गाची सहल बीलिट्झला गेली. पॉट्सडामपासून जवळ, आणि पांढऱ्या शतावरीसाठी, म्हणजे तिकडच्या 'श्पार्गेल'साठी, प्रसिद्ध. मातीच्या उंच वरंब्यांत ती वाढते, वर प्लास्टिक अंथरलेलं असतं, आणि एकेक कोंब हाताने उकरून सुरीने कापावा लागतो. हंगाम एप्रिल ते २४ जून. आम्हाला दाखवायचं होतं ठिबक सिंचन. मी बघत राहिले वाकलेल्या रांगा. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया, शेजारच्या ओळीत त्यांचे नवरे. रोमानियातून, पोलंडमधून दर वसंतात येतात. करोनाच्या टाळेबंदीत २०२० साली तर त्यांना खास विमानांनी आणलं होतं, कारण जर्मन माणसाचं श्पार्गेलवाचून अडतं.

मी व्हिडिओ कॉल लावला. आजीने पडद्यावर नाक टेकवलं.

"कोयतं हाईत की! कुठलं?"

"रोमानिया."

"कोप्या कुठं हाईत?"

मी लांबचे पांढरे कंटेनर दाखवले. तिला ते पसंत पडले, दाराला कडी दिसली म्हणून. मग मुकादम दाखव म्हणाली. मी म्हटलं तसं इथे नसतं, तासावर पगार असतो, किमान वेतनाचा कायदा आहे.

"त्यो बघ. कोरी टोपी, मोबाईल कानाला, अन् हात खिशात. मुकादम न्हाई तर काय जावई हाय?"

तो खरंच गँगचा प्रमुख निघाला. जवळच्या ओळीतली बाई पाठ सरळ करून आमच्याकडे बघत होती. वयाने आईएवढी असेल. आजीने फोनमधूनच हात हलवला, मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं. त्या बाईने तश्शीच कंबर धरली, तस्संच तोंड वाकडं केलं, आणि दोघी खळखळून हसल्या. माझी जर्मन आणि तिची जर्मन मिळून एक वाक्य होत नव्हतं, पण आजीला घाई होती.

"तिला सांग, काट्यावर हुबं ऱ्हायाचं. माल चढवून नुस्तं निघून यायचं न्हाई. चिठ्ठी घ्यायची."

मी हातवारे करून पेटी, वजन, कागद असं काहीतरी दाखवलं. बाईने मातीचे हात एप्रनला पुसले, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी वही काढली आणि फोनसमोर धरली. तारखांपुढे तिच्या हाताने लिहिलेले पेट्यांचे आकडे होते. टोपीवाला आमच्याकडे चालत येऊ लागला तशी तिने ती खिशात घातली.

"शाहणी हाय," आजी म्हणाली. "आता इचार तिला, घरनं काय करून आणलंय खायाला."