पाण्याची बदली

नांदेडचा मेहुणा आला की पहिल्या दिवशी मी मोरीच्या दाराशी पेपर घेऊन बसतो. आत नळ धो धो चालू असतो आणि बाहेर माझा जीव खालीवर होत असतो. त्याचं गाव गोदाकाठचं. उन्हाळ्यात विष्णुपुरीचा साठा तळाला गेला की तिथंही बादल्या मोजतात म्हणा, पण चार पाऊस झाले की विसरून जातात. आम्हाला विसरता येत नाही. आम्ही लातूरकर रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं.

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वॅगन, पाच लाख लीटर. आधी त्या वॅगन राजस्थानात कोट्याला नेऊन वाफेनं धुतल्या होत्या. म्हणजे पाणी यायच्या आधी डब्यांचीच शाही आंघोळ झाली. आमची बाजेवर बसून व्हायची, खाली घमेलं ठेवून. मांजरा धरणानं तळ गाठलेला, आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. सहावी बाई हंडा घेऊन आली की कायदा मोडायचा.

तेव्हापासून घरात पाण्याचं खातं आईकडे आहे. तिच्या राज्यात पाण्याला थेट गटारात जायची परवानगी नाही, आधी बदल्या होतात. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. फिल्टरमधून बाहेर पडणारं फरशीला. कपडे खळबळलेलं संडासात. भाजी धुतलेल्या पाण्याची अजून कुठं नेमणूक व्हायची असेल तर ते बादलीत वाट बघतं, आणि ती बादली हलवायची माझी हिंमत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी गच्चीच्या पन्हाळीला पाइप जोडून खाली हजार लीटरची टाकी बसवली. वर वाळू, खडी, कोळशाचा थर. पहिल्या एकदोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं असतं, कारण ते पारव्यांचं आणि धुळीचं. आईला ते पटेना. आलेलं पाणी घालवायचं, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटी ते ड्रममध्ये धरलं आणि अंगण सारवायला वापरलं. मग मी वहीवर हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर. आमची गच्ची ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरले तर ६५ हजार लीटर. सांडलवंड वजा जाता पन्नासेक हजार. त्या गाडीची अख्खी एक वॅगन! तीही मिरजेहून न येता थेट डोक्यावर उतरते, आणि इतकी वर्षं आम्ही ती नालीला लावून दिली. टाकी भरली की उरलेलं आता बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात जातं. हे मी उत्साहानं आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं गणित शाळेत आलं असतं तर?"

मेहुणा यावेळी ऐन मे महिन्यात आला. उन्हातून दमून आला, स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरचा झाकलेला तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

"दाजी," तो ओठ पुसत म्हणाला, "ताक झकास होतं. जरा पातळ होतं, पण गार होतं."

आई दारात उभी. तांब्याकडे बघितलं, मग बाहेरच्या कढीपत्त्याकडे.

"मावशी, आणखी आहे का?"

"आता रात्री भात लावल्यावर," आई म्हणाली.

हिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. भावाला अजून कुणी सांगितलेलं नाही. परवा त्याचा फोन आला होता, पुढच्या आठवड्यात परत येतोय. मी दुकानातून ताकाच्या चार पिशव्या आणून ठेवल्यात. कढीपत्ता तेवढा एक दिवस उपाशी राहिला होता, तो आता ठीक आहे.