गप्प बसला, म्हणजे समजलं?

आरोपी आरडाओरडा करत नाही, स्वतःचं नाव सांगतो, गावाचं सांगतो, विचारलं की मान डोलावतो. झालं! ‘खटला चालवण्यास योग्य’ असा डॉक्टरांचा एका ओळीचा दाखला फायलीला लागतो आणि पुढची तारीख पडते.

मला या एका ओळीची भीती वाटते. स्किझोफ्रेनियात गोळ्यांनी कानातले आवाज थांबतात, संशय ओसरतो. पण लक्ष टिकवणं, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, दोन गोष्टींचा मेळ घालणं यांत आलेली तूट गोळ्यांनी फारशी भरून निघत नाही. साक्षीदार सकाळी काय बोलला, हे दुपारी आरोपीला आठवतच नसेल, तर ‘हा खोटं बोलतोय’ असं तो वकिलाला सांगणार कधी? आणि कायदा नेमकं तेच विचारतो : याला स्वतःचा बचाव करता येईल का? हा शांत आहे का, असं नाही विचारत.

शिक्षा देतानाही हीच गल्लत होते. अलाबामातल्या व्हर्नन मॅडिसनने 1985 मध्ये एका पोलिसाचा खून केला. मृत्युदंडाची वाट बघत असताना पक्षाघाताचे झटके आले, स्मृतिभ्रंश जडला. कोठडीतच शौचालय होतं, तरी ‘मला कुणी बाहेर सोडत नाही’ म्हणत तो कपड्यांतच लघवी करायचा. याला भ्रम होत नाहीत, तेव्हा शिक्षा द्यायला हरकत नाही, असं राज्याचं म्हणणं! 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते खोडलं. गुन्हा आठवत नाही एवढ्यावर शिक्षा टळत नाही. पण ती का होतेय हेच कळत नसेल तर देता येत नाही, मग कारण भ्रम असो की स्मृतिभ्रंश.

आरोपीला कळतंय की नाही, हे तपासायचं तरी कसं? ‘शंभरातून सात वजा करत जा’ हा नेहमीचा प्रश्न. शाळेची पायरी न चढलेला धडधाकट माणूस तिथे अडतो आणि आयुष्यभर हिशेब लिहिलेला आजारी कारकून सहज सुटतो. हरियाणात बल्लभगडला संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदी चाचणी बेतली, तीही नव्वदच्या दशकात. म्हणजे योग्य चाचणी नाही, ही सबब चालणार नाही. आरोपी किती शिकलाय, कोणत्या भाषेत विचारलं, कोणत्या चाचण्या घेतल्या, किती वेळ दिला, हे सगळं दाखल्यावर आलंच पाहिजे. आलं नसेल, तर वकिलांनी डॉक्टरांना साक्षीला बोलवावं आणि एकेक करून विचारावं.