डिपार्चर अँगल

आमच्या थारचा मागचा बंपर राजमाचीच्या वाटेवर फुटला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तो तळेगावात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तळमजल्यावरच्या काकूंच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर फुटला. कुंडीला काही झालं नाही.

नवा घ्यायचाच आहे तर प्लास्टिकचा कशाला, लोखंडी घेऊ, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. २०२० साली आलेल्या या थारचा डिपार्चर अँगल ३६.८ अंश. खडकावरून उतरताना गाडीचं बूड घासू नये म्हणून मागच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत जी तिरपी मोकळीक लागते, तो हा कोन. बंपर जितका वर, तितका कोन मोठा. हे मी जेवताना पोळीचा चतकोर ताटाच्या कडेला टेकवून दाखवलं.

“अहो, आधी घरातून तर डिपार्चर होऊ द्या,” ही म्हणाली.

खोक्यावर ‘ड्रिलिंगची गरज नाही’ असं छापलं होतं. कामशेतच्या गॅरेजवाल्याने ते शांतपणे वाचलं आणि आत हाक मारली, “ड्रिल काढ रे.”

जुना काढण्यातच दुपार गेली. मावळात पाऊस गाडीवर खालूनही पडतो, त्यामुळे चेसीवरचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. स्प्रे मारला, चहा झाला, पुन्हा स्प्रे मारला. शेवटी पान्ह्याला पाइप लावून पोऱ्या त्यावर लोंबकळला तेव्हा ‘कट्’ आवाज आला. सुटला एकदाचा, असं मी म्हणालो. मुंडी तुटली होती.

नवा बंपर शेजारच्या भातगिरणीच्या काट्यावर ३८ किलो भरला. “इंद्रायणी असता तर खायला तरी झाला असता,” गिरणीवाला म्हणाला. आता दोघांनी तो उचलून धरायचा आणि तिसऱ्याने खाली आडवं पडून भोकं जुळवायची. तीन जुळली की चौथं पाव इंच बाजूला. घरच्या चौघांना एका फोटोत हसवण्यासारखंच ते. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, “साहेब, बंपर बरोबर आहे. गाडी वाकडी आहे.”

कुंडी आठवली. मी गप्प बसलो.

मग भोक घासून लांबट केलं, जाड वॉशर घातले, चारही बोल्ट आधी सैल धरले आणि आळीपाळीने आवळत आणले. जुने पार्किंग सेन्सरही नव्यात बसवले, पण ते लोखंडात इतके आत गेलेत की रिव्हर्स टाकला की गाडी स्वतःच्याच बंपरला घाबरून कोकलते.

मेहुणा वडगावच्या कोर्टात वकिली करतो. त्याने चष्मा वर सरकवून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं, २०१७च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि बेकायदा बदल ठरला तर मालकाला बदलामागे ५ हजार, वर ६ महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते म्हणाला. बुल बार पुढे असतो, माझं मागे आहे, असा मी युक्तिवाद केला. त्याने उत्तर दिलं नाही. तो बोटांवर मोजत होता : बंपर, दोन लाल कड्या, दोन दिवे...

काजव्यांच्या दिवसांत शेवटी राजमाचीला निघालोच. तुंगार्लीवरून उधेवाडीला जाणाऱ्या कच्च्या वाटेवर वळवाच्या पावसाने चिखल केला होता. त्यात माझी पुढची दोन्ही चाकं बसली. मागून उधेवाडीची एक जुनी जीप आली, आत दहा-बारा माणसं. चालकाने दोर काढला. मी अभिमानाने लाल कड्या दाखवल्या. त्याने त्या बघितल्या आणि दोर खालून चेसीला बांधला. “नवं आहे,” म्हणाला, “खरचटंल.”

दोन हिसक्यांत गाडी बाहेर. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्याच्या जीपला मागे बंपरच नव्हता. अंश मोजायला अडथळाच शिल्लक नाही! मी विचारलं, तर म्हणाला, “पोरं त्यावर उभी राहायची. काढून टाकला.”

मग त्याने तंबाखू काढली, माझ्या बंपरवरचा चिखल पंजाने पुसला आणि ऐसपैस बसला.

“हा बरा आहे,” तो चुना मळत म्हणाला. “रुंद आहे.”