बोर्डाबाहेरचं आमच्या हद्दीत येत नाही

कोलकात्याच्या चांदनी मार्केटमध्ये अँप्लिफायरचा बोर्ड मागितला की दुकानदार तो फळीवरून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. बोर्ड देखणा असतो. हिरवा रंग, चकचकीत टाके, आयसी एका रांगेत. पण तो वाजायचा तर ट्रान्सफॉर्मर हवा, आवाज कमी-जास्त करणारा पॉट हवा, स्पीकर हवा आणि चालू असल्याचा लाल एलईडी हवा. ही सगळी मंडळी बोर्डाबाहेर राहतात आणि बोर्डावर येतात ती वायरीवरून. कुठली वायर कुठल्या भोकात, असं विचारलं की दुकानदार-दादा अत्यंत आपुलकीने सांगतात, "होये जाबे." म्हणजे, होऊन जाईल.

दादांना दोष देऊ नका. ज्या सॉफ्टवेअरवर हा बोर्ड आखला जातो, त्यालाही याहून जास्त सांगता येत नाही. कायकॅड घ्या. फुकट, मुक्त आणि खरोखर चांगलं. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी 1992 साली ते सुरू केलं, पुढे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने हातभार लावला, आणि आपल्या पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने त्याच्याच आधारावर ईसिम हे सर्किट आखण्याचं सॉफ्टवेअर उभं केलं. म्हणजे वंशावळ उत्तम. पण स्वभाव पोलीस ठाण्याचा. बोर्डाच्या कडेच्या आत जे घडेल त्याची काटेकोर नोंद. कडेपलीकडे पाऊल पडलं की हद्द आमची नाही.

उदाहरणार्थ, बोर्डाच्या या टोकाचा एक टाका आणि त्या टोकाचा एक टाका तुम्ही वरून वायर टाकून जोडणार आहात. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, जोडणी दाखवलीत, पण बोर्डावर तांब्याची रेघ नाही. सॉफ्टवेअर दोन्हींच्या मधे एक केसासारखी रेघ ओढतं आणि डीआरसी, म्हणजे नियमांची तपासणी, चालवली की तक्रार नोंदवतं: जोडलेलं नाही. तुम्ही म्हणता, अरे, वायर आहे ना! ते म्हणतं, दाखवा.

मग सुरू होतात पळवाटा. धाडसी लोक त्या तक्रारीवर राइट-क्लिक करून 'वगळा' म्हणतात आणि चहाला जातात. घरी एकाच बाजूचा बोर्ड कोरणारे त्याहून हुशार. ते वरच्या बाजूला तांब्याची रेघ ओढतात आणि मनात म्हणतात, ही वायर. बोर्डावर नसलेलं तांबं सॉफ्टवेअरला आनंदाने चालतं. फक्त ती फाइल चुकून कारखान्यात गेली की दोन बाजूंचा बोर्ड बनून येतो, आणि बिलही दोन बाजूंचं.

सरळ रस्ता हा: वायरीला कागदावर जन्म द्यायचा. स्किमॅटिकमध्ये तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पिनांचे कनेक्टर टाकायचे, मग रेलिमेट लावा, बर्ग स्ट्रिप लावा की नुसती भोकं ठेवा. दोन्ही टोकांच्या नेटना, म्हणजे जोडण्यांना, वेगळी नावं द्यायची. मग तक्रार येत नाही. पण मजा बघा, आता त्या दोन नेटचं नातं सॉफ्टवेअरला मुळीच ठाऊक नाही. प्लसची वायर मायनसला लागली तरी पडद्यावर शून्य चुका. अहवाल स्वच्छ, आणि पहिल्यांदा स्विच दाबताच कपॅसिटर 'फट्'.

कॉलेजात तर शून्य चुका दिसल्या की सबमिशन संपलं. बोर्डाबाहेर काय लावणार, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारायला परीक्षकाने आयुष्यात एकदा तरी डाग दिलेला असावा लागतो.

वायरीचं खरं दुखणं टाक्यापाशीच असतं. सात बारीक तारांची वायर घ्या. टाका मारताना शिसं केशाकर्षणाने तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, पुढचा मऊ राहतो. डबा उघडला-मिटला की वायर नेमकी त्या सीमेवर वाकते आणि एकेक तार तुटते. शेवटी एका तारेवर संसार. मग थाप मारली की वाजतं, सोडली की गप्प. कायकॅडच्या संग्रहात यावर तोडगा आधीच आहे: सोल्डरवायर नावाचे ठसे (फुटप्रिंट), त्यातल्या काहींच्या नावाशेवटी 'रिलीफ'. टाक्याच्या भोकाशेजारी एक जास्तीचं भोक. वायर आधी त्यातून ओवायची, मग टाका. ओढ त्या भोकावर जाते, टाका सुखी राहतो. आमच्याकडे त्याऐवजी ग्लू गनचा पांढरा गोळा असतो.

आणि वायरीची ही आबाळ कोलकात्यात व्हावी, हे विशेष. मेडिकल कॉलेजात रसायन शिकवणारे डॉक्टर ओशॉनेसी यांनी 1839 साली इथल्या बोटॅनिकल गार्डनजवळ 21 मैल तार ताणून तिच्यातून संदेश धाडले होते. 1851 साली डायमंड हार्बरपर्यंतची तार सुरूही झाली. तारांची ही हौस आजही आहे. पूजेच्या दिवसांत चंदननगरच्या कारागिरांच्या रोषणाईच्या कमानी बघा: बांबूचा सांगाडा, त्यावर हजारो एलईडी, मोर नाचतो, रेल्वे धावते. पूर्वी हे लाकडी रोलरवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकून चालायचं, आता एका डब्यातला कंट्रोलर बोर्ड करतो. सॉफ्टवेअरच्या लेखी तो अख्खा मोर म्हणजे 'जे-1' नावाचा एक कनेक्टर. कुठल्या रंगाची वायर पिसाऱ्याला आणि कुठली चोचीला, हा नकाशा कारागिराच्या डोक्यात.

चाकणच्या कारखान्यांतल्या गाड्यांना हे चालत नाही. तिथे वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, वेगळं सॉफ्टवेअर, वेगळं ड्रॉइंग. प्रत्येक वायरीला लांबी, जाडी, रंग आणि पार्ट नंबर. त्याला पैसे पडतात, मान्य. पण वायरव्हिझ फुकट आहे: कुठली पिन कुठे, रंग कोणता, एवढं साध्या मजकुरात टाइप केलं की ते चित्र काढून देतं. तेवढीही सवड नसेल, तर बोर्डावर भोकाशेजारी पांढऱ्या शाईत 'लाल, प्लस' छापता येतं. जागा नाही, असं डिझायनर सांगतात. त्याच बोर्डावर कंपनीचा लोगो असतो, आवृत्तीचा क्रमांक असतो आणि वेबसाइटचा पूर्ण पत्ताही असतो.