एरंडाचं गुऱ्हाळ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला प्रत्येक माणूस इंजिनाचा डॉक्टर असतोच. आमचे मामा मात्र स्पेशालिस्ट. छोट्या मॉडेल विमानांची लिंबाएवढी इंजिनं हीच त्यांची प्रॅक्टिस. स्वतःच्या पोटात ते मिसळीचा कट, तांबडा, पांढरा काहीही ढकलतील. इंजिनाच्या तोंडी काय लागतं, याचं सोवळं मात्र कडक.

कॉलेजचं एक पोरगं पेट्रोल घेऊन आलं.

‘‘पेट्रोल? ह्याला स्पार्क कुठाय मर्दा? ह्यो ग्लो प्लग. मेथॅनॉलच्या वाफेनं ह्यातली प्लॅटिनमची तार लाल ऱ्हातीया. पेट्रोल घालून बस पंखा फिरवत!’’

पोरगं मेथॅनॉल आणि स्कूटरचं टूटी ऑइल घेऊन परतलं. मामांनी दोन्ही काचेच्या बाटलीत ओतली, बूच घट्ट लावलं. ‘‘हलव. आणि हलव.’’ बाटली ओट्यावर ठेवली, तसं तेल एकीकडे, मेथॅनॉल दुसरीकडे. ‘‘बाटलीत नांदंनात, ती सिलिंडरात नांदतील व्हय?’’

मग कृती सांगितली: शंभर मिलीत वीस मिली एरंडेल, पाच नायट्रोमिथेन, बाकी मेथॅनॉल. डिझेल जातीचं इंजिन असेल तर ईथर, रॉकेल, एरंडेल जवळपास समसमान. ‘‘तेल कमी करून चालंल का?’’ या प्रश्नावर मामांनी कपाळाला हात लावला. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. मिनिटाला दहा-दहा हजार फेरे मारताना इंधनातून येईल तेवढंच वंगण. सिंथेटिक तेल इंजिन स्वच्छ ठेवतं, हे त्यांना मान्य आहे. पण मिश्रण पातळ पडून इंजिन तापलं की टिकून राहतं ते एरंडेलच, यावर ते पैज लावतात. पहिल्या महायुद्धातली रोटरी इंजिनं एरंडेलावरच चालायची, हे तर ते अशा थाटात सांगतात, की त्या तेलाची ऑर्डर उद्यमनगरातूनच गेली असावी.

शेवटी तपोवन मैदानावर विमान उडालं. एरंडेलाचा धूर सोडत एक झकास गिरकी घेतली आणि नाकावर आपटलं. पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे. पोराच्या डोळ्यांत पाणी. मामा पंख ओलांडून धावले, माती झटकून पंखा बोटानं हळूच फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘बघ मर्दा, कॉम्प्रेशन जसंच्या तसं! सांगितलं नव्हतं? तेल चांगलं असलं की कायबी हुत न्हाई.’’